उपासनेत टाळ कसे आले

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची पहिली मंडळी, म्हणजे चर्च, 1833 साली स्थापन झाली. त्याच्या वीस वर्षं आधी, फेब्रुवारी 1813 मध्ये, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला पोहोचले होते. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत वाढलेली ही माणसं. त्यांच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नसे, धूप नसे, भरजरी झगे घातलेला धर्मगुरू नसे. बायबलचं वाचन, लांब प्रार्थना, त्याहून लांब उपदेश आणि मधूनमधून सगळ्यांनी मिळून गायची गीतं, एवढीच त्यांची उपासना. महाराष्ट्रात आल्यावर वाचन मराठीत झालं, प्रार्थना मराठीत झाली, उपदेशही हळूहळू मराठीत सुरू झाला. अडलं ते गाण्यापाशी.

इंग्रजी उपासनागीतांचे साचे ठरलेले असतात. एका साच्यात आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळी, दुसऱ्यात चारही ओळी आठ अक्षरांच्या. ओळीत एकाआड एक अक्षरावर आघात येतो आणि चाल त्या आघातांवर पाय ठेवत पुढे जाते. मराठीला असा आघात नाही. आपल्या कवितेचा जीव ऱ्हस्व-दीर्घात, नाहीतर ओवी-अभंगाच्या अक्षरगणनेत. त्यामुळे भाषांतर कितीही चोख केलं तरी गाताना घोटाळा व्हायचा. चाल जिथे लांबते तिथे नेमकं ऱ्हस्व अक्षर यायचं आणि ते ताणावं लागायचं. दीर्घ अक्षर घाईघाईत उरकावं लागायचं. शिवाय ही गीतं चार वेगवेगळ्या आवाजांत एकाच वेळी गाण्यासाठी बांधलेली. गावाकडून आलेल्या माणसाचा कान मात्र एका चालीचा, त्या चालीच्या वळणांचा. हेन्री बॅलंटाइन यांनी 1835 पासून पुढची तीस वर्षं नगरच्या मिशनात काम केलं आणि मराठी गीतांचा मोठा साठा उभा केला. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. पण मंडळीला गीत पाठ होणं वेगळं आणि दळताना ते आपसूक ओठांवर येणं वेगळं.

मग शेजारीच असलेली ओवी, गावोगावच्या भजनी मंडळांत घुमणारा अभंग, देवळासमोरचं कीर्तन मिशनने लगेच का घेतलं नाही? भीती होती, आणि ती दोन्ही बाजूंना होती. टाळ, मृदंग, ढोलकी यांना मिशनऱ्यांच्या लेखी मूर्तिपूजेचा आणि तमाशाचा वास होता. चालीसोबत जुना देवही आत येईल, असं त्यांना वाटे. आणि ज्यांनी घरदार, सोयरेधायरे, गावकी तोडून बाप्तिस्मा घेतला होता, त्यांतल्या अनेकांना मागे टाकलेलं काहीच परत नको होतं. ज्या गावाने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्या गावाचं भजन कशाला हवं? हा सवाल साधा नव्हता. आज आपण देशीकरणाचं कौतुक करताना तो विसरतो.

खरं तर या भूमीत हा प्रश्न आधी एकदा सोडवला गेला होता, तो गोव्यात. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्याला आला आणि साष्टीत त्याने आयुष्य काढलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. त्यांची उणीव भरून काढणारं नवं पुराण आम्हांला द्या, अशी मागणी त्याच्याकडे झाली, असं त्याच्याच काव्यात येतं. त्यातून ‘क्रिस्तपुराण’ जन्मलं. ते 1616 साली राचोलला रोमी लिपीत छापलं गेलं. सुमारे 11,000 ओव्या, भाषा कोकणीचा हात धरलेली मराठी. रविवारी आणि सणावारी लोक जमायचे आणि हे पुराण देवळात वाचलं, गायलं जायचं. लॅटिन मिस्सा वेदीवर होई ती होई. लोकांच्या कानाला आणि जिभेला जे मिळालं ते ओवीतून. पुढे 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हे पुराण सोबत नेलं आणि 1907 साली मंगळूरलाच त्याची नवी छापील आवृत्ती निघाली. मधली दोनशेहून अधिक वर्षं ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या तोंडी टिकून राहिलं, ही गोष्ट मला छापखान्यापेक्षा मोठी वाटते. नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळींपर्यंत मात्र हा वारसा पोहोचला नाही. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं.

ते शोधलं कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी. सांगळे 1834 साली जन्मले आणि 1908 पर्यंत जगले. म्हणजे मराठी ख्रिस्ती गाण्याची जडणघडण त्यांनी जवळजवळ पूर्ण पाहिली. 1860च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं ते त्यांच्या पिढीच्या हातून. जिल्हाभरातल्या मंडळ्या वर्षातून एकदा नगरला जमत. गाड्या सुटत, राहुट्या पडत, उपदेश होत आणि रात्री कीर्तन रंगे. साचा हरिदासी कीर्तनाचाच: आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचं विवरण, मध्ये सगळ्यांचं भजन, उत्तररंगात आख्यान. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं, नाहीतर योसेफाचं, नाहीतर येशूच्या दुःखसहनाचं. साकी, दिंडी, आर्या, कटाव ही सगळी हत्यारं तीच. मुंबईच्या बेने इस्राएल या ज्यू समाजातही 1880च्या दशकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. विठोबाचं कीर्तन, येशूचं कीर्तन आणि मोशेचं कीर्तन, तिन्ही मराठीत आणि तिन्ही एकाच काळात: या भाषेच्या इतिहासातलं हे पान मराठी वाचकाला अजून नीट दाखवलंच गेलेलं नाही.

सांगळ्यांचं एक भजन नगरचेच मिशनरी आल्डन क्लार्क यांनी इंग्रजीत नेलं आणि ते अमेरिकेतल्या गीतपुस्तकांत आजही छापलं जातं. ज्या प्रवाहाचा उगम बॉस्टनकडे होता, तो उलटा वाहिला.

तरीही कीर्तन तेव्हा मेळाव्याची, प्रचाराची गोष्ट होती. रविवारची भक्ती वेगळी. तिथे पाश्चात्य चालच शिष्ट मानली जाई. हा उंबरठा ओलांडायला एक कवी यावा लागला.

नारायण वामन टिळक 1861 साली कोकणात करजगावला जन्मले. आईकडून भक्तिगीतांची गोडी मिळाली, नाशिकला संस्कृतचं शिक्षण झालं, कीर्तन-पुराण कानांवर पडलं. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो दिला रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. मिशनरी साहेबाऐवजी देशी पाळकाच्या हातून, तेही तुकाराम नावाच्या. पत्नी लक्ष्मीबाई त्या धक्क्यानंतर काही काळ पंढरपूरला राहिल्या. त्या वर्षांतली तगमग ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक नगरला आले, तिथल्या पाळक तयार करणाऱ्या शाळेत शिकवू लागले, 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. बालकवींना त्यांनी मुलासारखं घरात ठेवून घेतलं हेही ओळखतो. पण त्यांच्या लेखणीचा सर्वांत मोठा वाटा ज्या कामावर खर्च झाला, ते काम वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींत उरकलं जातं. ते काम म्हणजे मंडळीला गाणं देणं. मराठी गीतपुस्तकात त्यांची अडीचशेच्या वर गीतं आहेत. ‘अभंगांजली’ वेगळी. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं आणि लक्ष्मीबाईंनी ते तडीस नेलं.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं टिळक सांगत. त्यांच्या दृष्टीने तो पूल पाडायचं कारणच नव्हतं. अभंग त्यांनी चालीसाठी उसना घेतला, असं म्हणणं अपुरं आहे. अभंगाबरोबर एक नातं येतं. वारकरी विठोबाशी भांडतो, रुसतो, त्याला माउली म्हणतो. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. न्यू इंग्लंडच्या गीतांत ख्रिस्त राजा आहे, तारणारा आहे, कैवारी आहे. पदराखाली घेणारी आई तो तिथे क्वचितच असतो. नगर जिल्ह्यातल्या बाईला, जिने रानात आणि जात्यावर आयुष्य काढलं, तिला हा ख्रिस्त ओळखता आला.

अभंगाची रचनाही मंडळीच्या गाण्याला नेमकी पोषक. सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, आणि परत परत येणारं ध्रुपद. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक लागत नाही. एकाने चरण म्हणायचा, सगळ्यांनी ध्रुपद उचलायचं. तेव्हाच्या खेड्यातल्या मंडळ्यांत निरक्षर माणसंच जास्त होती. 1899-1900च्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली अनाथ मुलं हजारोंनी होती. त्यांच्या हातात गीतपुस्तक देऊन उपयोग नव्हता. टाळ देऊन होता.

इथे जातीचा विषय आल्यावाचून राहत नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या होत्या. पंढरपूरला या माणसांची वाट चोखामेळ्याच्या समाधीपाशी संपत असे. विठोबाचं देऊळ त्यांना खुलं व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. ज्या अभंगाचा एक महाकवी चोखोबा, तो अभंग त्याच्याच समाजाला देवळाच्या आत गाता येत नव्हता. नगरच्या चर्चमध्ये चित्पावन घरातला कवी लिहितो आहे, शेजारी महार पाळक गातो आहे, मांग समाजातला माणूस ढोलकीवर आहे आणि सगळे एकाच जाजमावर बसले आहेत, हे चित्र त्या काळात लहान नव्हतं. मंडळीत जातीचे काच उरले नव्हते असं नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनातला विटाळ किती प्रामाणिकपणे लिहिला आहे! पण बाकी कुठे नव्हता तो एकत्र सूर इथे उमटला, आणि तो भाषांतरित गीतातून उमटला नसता अशी माझी खात्री आहे.

पेटी म्हणजे हार्मोनियम या काळात मंडळीत रुळली. तिचा मूळ साचा पॅरिसचा, 1840च्या सुमाराचा. पायाने भाता मारायचं वाद्य मिशनरी सोबत घेऊन आले आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ते मांडीशी घेऊन हाताने वाजवण्याजोगं केलं. आज एखाद्या मंडळीत पेटी-तबला म्हणजेच आपली परंपरा, असं ज्येष्ठ सभासद सांगतात तेव्हा त्या पेटीच्या वयाकडेही पाहावं. एकेकाळी तीही नवलाची होती.

टिळक नगरला अभंग लिहीत असताना, तिथून फार लांब नसलेल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या दौंडजवळच्या मुक्ती सदनात, उपासनेचं दुसरंच रूप उसळून आलं.

पंडिता रमाबाई या पुराणिकाच्या कन्या. अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थाटन करत, देवळांत आणि घाटांवर पुराण सांगत, आणि ही मुलगी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करत वाढली. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अँग्लिकन भगिनींशी त्यांचे पत्रांतून झालेले वाद प्रसिद्ध आहेत. कुठल्याही एका चर्चच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. 1889 साली मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला, मग प्लेग आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगाव. मध्य प्रांतातून, गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या मुली-बायका त्यांनी आणल्या. मुक्तीत एका वेळी 2000च्या आसपास माणसं होती.

1904-05 मध्ये वेल्समध्ये एव्हन रॉबर्ट्सच्या सभांतून मोठं धार्मिक संजीवन झालं. त्याच्या बातम्या रमाबाईंनी वाचल्या आणि जानेवारी 1905 पासून मुक्तीत खास प्रार्थना सुरू झाल्या. आधी सत्तरेक जणी जमत, मग साडेपाचशेपर्यंत संख्या गेली. 29 जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यात आग भरली आहे असा अनुभव आला. तिच्या अंगाभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी एक मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही जळत नाही. मिनी एब्रॅम्स या अमेरिकन सहकारी बाईंना साडेतीनच्या सुमाराला उठवून हे सांगण्यात आलं. दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्यानंतर कित्येक दिवस शाळेचे तास बाजूला राहिले. शेकडो जणी एकाच वेळी, प्रत्येकीची प्रार्थना वेगळी, रडणं, पापकबुली, मग गाणं, टाळ्या, नाचणं.

हे ऐकून पुष्कळ मिशनरी हादरले. उपासना शिस्तीत व्हावी, एकाने प्रार्थना करावी आणि बाकीच्यांनी मनात ‘आमेन’ म्हणावं, अशी त्यांची रीत. इथे तर गलका. रमाबाईंनी 1907 साली आपल्या पत्रिकेत याला उत्तर दिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: हिंदी माणसाचा स्वभाव देवानेच घडवला आहे, त्या स्वभावाला साजेल अशा रीतीने देव त्याच्यात काम करील, आणि पाश्चात्यांच्या वळणाशी ते जुळलंच पाहिजे असं नाही. रमाबाई स्वतः संयमी विदुषी होत्या. इतरांच्या अनुभवाला त्यांनी आपल्या मापाने कापलं नाही. त्या काळातल्या किती पुढाऱ्यांबद्दल, कोणत्याही धर्माच्या, असं म्हणता येईल?

केडगावचं हे संजीवन जून 1905 मधलं आहे. लॉस एंजेलिसची अझूसा स्ट्रीटवरची सभा, जिथून पेंटेकॉस्टल चळवळीची जन्मतारीख मोजण्याची पद्धत आहे, ती एप्रिल 1906 मध्ये सुरू झाली. मिनी एब्रॅम्सनी मुक्तीच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रत चिलीत वालपराइसोला राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण तिथल्या मेथडिस्ट पाळकाची, विलिस हूवर यांची, पत्नी. 1909 साली त्यांच्या मंडळीत तसंच संजीवन झालं आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. हात उंचावून, एकाच वेळी मोठ्याने, अश्रू ढाळत प्रार्थना करणं ही अलीकडे अमेरिकेहून आलेली थेरं आहेत, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं केडगाव स्टेशन आठवावं.

मला टिळक आणि रमाबाई इथे एकमेकांच्या शेजारी दिसतात. एकाने उपासनेला वृत्त दिलं, दुसरीने वृत्त मोडून येणाऱ्या आवाजाला जागा दिली. दोघांचंही सांगणं मिशनरींना एकच होतं: आमच्या माणसांना आमच्या गळ्याने देवाला हाक मारू द्या.

टिळकांची ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाच्या संपादनाची वर्षं 1912 पासूनची. त्यांच्या मनात मंडळीच्या परकेपणाबद्दल खदखद वाढत गेली. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं, ही कल्पना. ती कितपत तडीला गेली असती हे पाहायला ते उरले नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम पुरं करून.

टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो अँग्लिकन होते. 1920 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रभुभोजनाच्या विधीसाठी भारतीय रूप सुचवणारं पुस्तक काढलं. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाऐवजी केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन विधीकडे ते वळले. 1922 साली नगरला त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला. तो पुढे पुण्याला आला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, संध्याप्रार्थना आणि भजन.

कॅथलिकांकडे या गोष्टी उशिरा आल्या, पण आल्या तेव्हा वरून आल्या. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी 1739 साली घेतला तरी तिथला ख्रिस्ती समाज टिकून राहिला आणि त्याची मिस्सा लॅटिनच राहिली. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये पुटपुटे, खालच्या बाया रोजरीचे मणी ओढत. मराठी उरली ती घराघरांतल्या प्रार्थनेत आणि गावच्या क्रुसापुढच्या गाण्यांत. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा जाहीरनामा संमत केला आणि लोकभाषेला दार उघडलं. 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली: पादत्राणं बाहेर, जमिनीवर बैठक, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार, आरती, समई, उदबत्ती, शाल. त्यावर देशभर वाद पेटले. निष्ठेने लॅटिन जपलेल्या आजोबांना वेदीजवळ समई पाहून डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते आनंदाचंच असेल असं नाही. त्यांच्याही दुःखाचा मान राखला पाहिजे. वसईच्या देवळांत आज मराठी मिस्सा इतकी मुरली आहे की ती काही दशकांपूर्वीच सुरू झाली हे तरुणांना सांगून खरं वाटत नाही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकवाले आणि नगरचे साध्या उपासनेचे लोक एका छत्राखाली आले. एकाच उपासनेत मग ठरलेल्या लिखित प्रार्थना, पाश्चात्य चालीचं गीत आणि टिळकांचं भजन अशी तीन शतकं एकामागून एक ऐकू येऊ लागली.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांमधून येशूची चळवळ उठली होती. गिटार हातात घेऊन समुद्रकिनाऱ्यावर गाणारी ती मुलं. त्यांच्या गाण्यांसाठी 1971 साली ‘मारानाथा म्युझिक’ निघालं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या ‘हिलसाँग’ने हा सूर जगभर नेला. मुंबई, पुणे, नवी मुंबईच्या मंडळ्यांत कीबोर्ड, ड्रम, बेस गिटार आले, गीतपुस्तकाच्या जागी पडद्यावर शब्द आले, ‘वर्शिप लीडर’ आले. गीताला कडवी कमी आणि एक ओळ पुन्हा पुन्हा, आवाज चढवत. यात मला भजनाचं ध्रुपद ओळखू येतं आणि केडगावही. वाद्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार शब्दांबद्दल आहे. बरीचशी नवी मराठी गाणी इंग्रजी किंवा हिंदी गाण्यांची घाईने केलेली भाषांतरं आहेत, आणि ऱ्हस्व अक्षर पुन्हा ताणलं जातं आहे. बॅलंटाइनसाहेबांकडे निदान परक्या भाषेचं कारण होतं.

अनेक शहरी मंडळ्यांनी तोडगा काढला आहे: सकाळी गीतपुस्तकाची पारंपरिक भक्ती, संध्याकाळी युवकांची बँडची भक्ती. भांडण मिटतं, हे खरं. पण आजी आणि नातू एकमेकांचं गाणं ऐकेनासे होतात. टिळकांच्या कीर्तनाला तान्ही मुलं मांडीवर असायची आणि म्हातारे टेकून बसलेले असायचे. पाळकांनी आणि संगीत बघणाऱ्या मंडळींनी महिन्यातून एक रविवार तरी दोन्ही गट एकत्र बसवावेत. बँडमधल्या मुलांनी गीतपुस्तकातला एखादा अभंग घेऊन त्याला आपली चाल लावावी; अभंग अनेक चालींत गाता येतो. आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी भाषांतर बाजूला ठेवून स्वतःच्या शेतातलं, लोकलमधलं, इस्पितळाच्या रांगेतलं दुःख देवासमोर मराठीत मांडावं. ती गीतं ख्रिस्ती मासिकांनी छापावीत. गीतपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या गीतांना जागा द्यायची की नाही, हे मंडळीने ती वर्षभर गाऊन ठरवावं.